मधुमेह रोजचा: साखरेचा आकडा नेमका कुठे बिघडतो? (अनुभव धागा)

पथ्यावर बोलणं पुष्कळ होतं. इथे रोजच्या हाताळणीतलं लिहा: इन्सुलिन टोचायचं पेन, साखर तपासायच्या पट्ट्या, उपवास, पाय. डोस मात्र कोणी कोणाला सुचवू नये, ते डॉक्टरांचं काम.

नीलिमा, कोथरूड
दर वेळी नवी सुई लावून आधी 2 युनिट हवेत सोडा. टोकाला थेंब दिसेपर्यंत डोस फिरवू नका. सुई लावूनच ठेवलेल्या पेनमध्ये हवा शिरते आणि मग पेनवर 14 युनिट दाखवूनही अंगात कमीच जातं. दुधाळ इन्सुलिन असेल तर पेन तळहातांत 10 वेळा घोळवा, 10 वेळा वरखाली करा. बटण पूर्ण दाबल्यावर सावकाश 10 मोजून मगच सुई काढा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते गाठींकडे. एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली गाठ धरते. तिथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तिथेच टोचतो, आणि इन्सुलिन कधी लागू पडतं, कधी नाही. अंघोळीच्या वेळी पोटावरून साबणाचा हात फिरवला की ती चटकन लागते. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागाल तेव्हा डॉक्टरांना कळवा, तोच डोस जास्त होऊ शकतो.

शिरीष, हडपसर
न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलं की टाकूनच द्यायचं. चालू पेन बाहेर 30 अंशांखाली, बहुतेक प्रकारांना 28 दिवस, खोक्यावर बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत पेन नकोच. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आत कोरड्या डबीत पेन.

अश्विनी, धायरी
आंबा चिरलेल्या हाताने तपासलं तर साखर बोटाची मोजली जाते. सॅनिटायझरने ती जात नाही. साबणाने धुवा, खडखडीत पुसा, बोटाच्या कडेला टोचा. पावसाळ्यात पट्ट्यांची डबी लगेच घट्ट लावा.

माधव, सदाशिव पेठ
एकादशीचा साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, साखर झरकन चढते. उलट, ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी घेऊन निरंकार राहिलं तर साखर पार खाली जाते. गोळीचं आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारून ठेवा. दरदरून घाम, हात थरथरणं, आकडा 70 खाली: 3 चमचे साखर पाण्यात घालून प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा नको, खव्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

शैला, फुरसुंगी
पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्यांनी अनवाणी चालू नये. पाय बधिर असेल तर फोड कळतच नाही. बुटात आधी हात घालून खडा चाचपा आणि मुक्कामाला तळव्याखाली आरसा धरून बघा.