अ‍ॅबोरिजिनल (ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी) पोरांनाच पोलीस का अडवतात?

प्रश्न: सिडनीत राहते. काल स्टेशनवर आम्ही सगळे उभे होतो पण पोलिसांनी बॅग उघडायला लावली ती फक्त एका अ‍ॅबोरिजिनल पोराची, आणि त्यानं कुणी न सांगताच खिसे पण उलटे करून दाखवले, म्हणजे सवयच झालीय बहुतेक. हे नेहमीचंय का?

उत्तर १: हो, नेहमीचंच. देशाच्या लोकसंख्येत मूळनिवासी ४ टक्क्यांच्या आत, तुरुंगात मात्र तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. कोठडीतल्या मूळनिवासींच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशननं (सरकारी आयोगानं) १९९१ मध्येच ३३९ शिफारशी दिल्यात, अटक शेवटचा उपाय ठेवा हेही त्यात होतं.

उत्तर २: आकडे बघून लोक म्हणतात हेच गुन्हे जास्त करतात. अरे, ज्याला रोज तपासणार त्याच्याकडेच सापडणार ना!

उत्तर ३: नॉर्दर्न टेरिटरीनं (ऑस्ट्रेलियाचाच एक प्रांत) तर गुन्हेगारी जबाबदारीचं वय, म्हणजे ज्या वयापासून पोरावर खटला भरता येतो ते, १२ केलेलं, २०२४ मध्ये परत १० वर आणलं. दहा वर्षांचं पोर हो!