पंचनामा झाला, टाकीचं काय?

सिंहगडरोडकर: २५ जुलै २०२४ला खडकवासला धरणातून विसर्ग वाढला आणि पुण्यातल्या आमच्या एकता नगरीत पाणी शिरलं. तलाठी भाऊसाहेब पंचनामा करून गेले. पण जमिनीखालच्या टाकीत ड्रेनेज मिसळलंय, गेटपाशी भिजलेल्या गाद्यांचा ढीग. आधी काय करू?

निवृत्त आरोग्य निरीक्षक: ताई, आधी टाकी. सगळं पाणी उपसा, गाळ काढा, भिंती घासा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुवा, मगच भरा. तोवर टँकरचं पाणीसुद्धा उकळूनच प्या. चिखलात गमबूट हवेतच, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) उंदरांच्या मुतातून पसरतो आणि पायाच्या साध्या खरचटीतून शिरतो. ताप आला तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी पुराच्या पाण्यात उतरल्याचं सांगा. गाद्या उचलायला महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घेऊन. तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवतं!

तळमजला_भाडेकरू: पंचनाम्यात फक्त घरमालकाचं नाव आहे. फ्रिज माझा गेला.

निवृत्त आरोग्य निरीक्षक: मग गप्प का बसलात? भाडेकरार, आधार, पासबुक आणि फोटो घेऊन तलाठ्याकडे जा, नाव घालायला लावा. घरमालकाला सोबत न्या, वाद तिथेच मिटतो.

सिंहगडरोडकर: उपसायला पंप कुठे मिळेल?

निवृत्त आरोग्य निरीक्षक: अग्निशमन दलाला १०१ लावून बघा. नाहीतर भाड्याचा मड पंप आणा, साधा पंप गाळानं जळतो.