पास्ताचं श्रेय मार्को पोलोला नको, सिसिलीला द्या

रवा_मैदा:
पास्ता मार्को पोलोने चीनहून इटलीत आणला, असं सांगतात. पण तो चीनहून व्हेनिसला परतला १२९५ मध्ये. त्याआधीच, १२७९ साली, इटलीतल्याच जिनोआमधल्या एका नोटरीने सैनिकाच्या मालमत्तेची यादी केली. त्यात मॅकरोनीने भरलेली पेटी आहे. पेटीत राहिली म्हणजे ती वाळवलेलीच असणार. त्याच्याही मागे, ११५४ मध्ये, अरब भूगोलकार अल्-इद्रीसीने सिसिली बेटावरच्या, पालेर्मोजवळच्या त्राबियाचं वर्णन लिहिलं: तिथे इत्रिया (शेवयांसारखा पदार्थ) बनते आणि गलबतं भरभरून कालाब्रियाला, मुस्लिम आणि ख्रिस्ती मुलखांत जाते. डुरम या कडक गव्हाचा रवा आणि वाळवण एकत्र आलं तो पास्ता, आणि ते जमलं सिसिलीत.

उलटतपासणी:
असहमत. चीनमधल्या लाजियाला पालथ्या वाडग्याखाली चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स सापडल्या. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर लेख आला. इतका जुना पुरावा बाजूला कसा सारता?

रवा_मैदा:
त्या नूडल्स राळा आणि चेना या भरडधान्यांच्या असल्याचं त्याच लेखात आहे. या धान्यांत ग्लुटेन (गव्हाच्या कणकेला ताण देणारं प्रथिन) नाही, त्यामुळे नुसतं पीठ मळून ओढलं तर तुटतं. आधी पिठाला उकड देऊन चिकटपणा आणायचा, मग सोऱ्यातून दाबून थेट उकळत्या पाण्यात सोडायचं, तर तार टिकते. डुरमचं तंत्र निराळं. दाणा इतका कडक की दळताना मैद्याऐवजी रवा पडतो. साच्यातून काढायचा तर १०० ग्रॅम रव्याला साधारण ३० ग्रॅम पाणी पुरतं. मिश्रण ओलसर चुऱ्यासारखं दिसतं, पण दाबाखाली एकजीव होतं. (आपला बन्सी गहू डुरमच.) चीनची परंपरा थोर आहे, पण स्वतंत्र आहे.

पातळ_लाटा:
मग बोलोन्याची ताल्यातेल्ले ही चपटी पट्टी पास्ता नाही का? १०० ग्रॅम मऊ गव्हाचं पीठ, एक अंडं, लाटून कापायचं आणि ताजंच उकळायचं. तुमच्या व्याख्येत अर्धा उत्तर इटली बसत नाही!

रवा_मैदा:
ताजी पट्टी कुठल्याही घरात सुचू शकते, तिचं मूळ शोधणं व्यर्थ. वाळवणाला मात्र कसब लागतं. नेपल्सकडची पद्धत बघा: आधी वरचा थर झटपट सुकवायचा, मग थंड, दमट तळघरात ठेवून आतला ओलावा बाहेरच्या थरात मुरू द्यायचा, शेवटी सावकाश वाळवायचं. मधली पायरी गाळली तर बाहेरचा थर आकसतो, केसासारख्या भेगा पडतात आणि उकळताना तुकडे होतात. फार रेंगाळलं तर आंबतं, बुरशी धरते.

वाळवणप्रेमी:
कसबाचं सगळं पटलं. पण सिसिली हा कारखाना झाला, माहेर नव्हे. उकडलेल्या कणकेच्या इत्रियमची चर्चा जेरुसलेमच्या तालमूद या प्राचीन ज्यू धर्मग्रंथातच आहे. ते वाळवण नव्हतं म्हणाल, तर नवव्या शतकातला, सुर्यानी भाषेत लिहिणारा वैद्य ईशो बर अली वाचा. इत्रिया म्हणजे रव्याच्या तारा, शिजवण्याआधी वाळवलेल्या, असं तो स्पष्ट लिहितो. रवा आणि वाळवण, तुमच्या दोन्ही अटी पश्चिम आशियात त्राबियाच्या अडीचशेहून अधिक वर्षं आधीच पुऱ्या होतात.