लेकाने माशांना अख्खं पाकीट खाऊ घातलं, टाकी धुऊ का?

निवांत_आई: दोन फुटी टाकी, साधारण 50 लिटर पाणी, तीन गोल्डफिश, स्पंज फिल्टर. साडेपाच वर्षांच्या लेकाला मासे भुकेले वाटले, त्याने दाण्यांचं पाकीट रिकामं केलं. (कोरफडीला तहान लागली म्हणून बादलीभर पाणी यानेच घातलं होतं.) पाणी पांढुरकं झालंय, मासे वर येऊन तोंड उघडतायत. सगळं पाणी काढून टाकी धुऊ का?

काचेपलीकडे: अजिबात नको. कुजणाऱ्या दाण्यांमुळे माशांना विषारी असा अमोनिया वाढतो आणि पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, मासे वर येतात ते त्यामुळेच. हवेचा पंप पूर्ण जोरात चालू ठेवा. तळाचे दाणे नळीने खेचून काढा, त्यातच 20 लिटर पाणी निघू द्या. तेवढंच नवं पाणी भरा, पण आधी बादलीत अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) घालून, बाटलीवरच्या मापाने. हात बुडवून दोन्ही पाणी सारखंच गार आहे ना बघा. पुढचे तीन-चार दिवस रोज 10-12 लिटर बदला. दोन दिवस खाणं बंद. गोल्डफिशला त्याने काही होत नाही.

निवांत_आई: आणि स्पंज? तो तर दाण्यांनी माखलाय.

काचेपलीकडे: टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. नळाखाली धरलात तर क्लोरीनने त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू मरतील आणि अमोनिया आणखी चढेल. साबण तर टाकीच्या आसपासही नको.

पाणशेवाळ: लेकाकडून खाऊ घालायचं काम काढून घेऊ नका. माणूस दिसला की गोल्डफिश काचेशी येतात, पोट भरलेलं असलं तरी. त्याला ती भूकच वाटणार. मेडिकलमध्ये गोळ्यांचा सात खणांचा डबा मिळतो. रविवारी तुम्हीच प्रत्येक खणात मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच दाणे भरा. त्याने रोज एक खण ओतायचा. खण रिकामा म्हणजे आजचं जेवण झालं, हे त्याला न विचारता कळतं, आजीलाही कळतं. पाकीट मात्र वरच्या फळीवर.

काचेपलीकडे: डब्याची युक्ती झकास. एकच, दमट हवेत दाण्यांना बुरशी येते, त्यामुळे एका वेळी आठवड्यापेक्षा जास्त भरू नका. आणि हा मुलगा उद्या 'मदत' म्हणून संडासही घासायला घेईल. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, त्या बाटल्या आजच कुलपात टाका.

निवांत_आई: पाणी बदललं, पंप चालू आहे. एक मासा अजून वरच आहे, बाकीचे दोन खाली गेले.

काचेपलीकडे: पाण्याची पातळी दोन बोटं कमी करा, स्पंजमधून येणारं पाणी वरून पडू द्या. सकाळीही तो वरच असेल तर आणखी 15 लिटर बदला.