मदत हवी आहे: तांबड्या मातीतला स्फुरद (फॉस्फरस) आणि सेंद्रिय आम्लं कुठे तपासून मिळतील?

नमस्कार मंडळी. आमची शेती बेळगावच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. पाऊस धो धो, माती तांबडी. खाली भात, माळावर रताळी. दरवर्षी शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालतो, तरी भाताला फुटवे धरत नाहीत.

यंदा एकाच शेतातली माती दोन प्रयोगशाळांत दिली. सामू (पीएच) दोन्हीकडे ५.३ च्या आसपास, म्हणजे माती आम्लधर्मी, सेंद्रिय कर्ब ०.९ टक्के, म्हणजे चांगलाच. घोळ आहे तो उपलब्ध स्फुरदाचा. एकीकडे हेक्टरी ८ किलो, दुसरीकडे ३९! पहिला आकडा नुसत्या फॉस्फरसचा आणि दुसरा पी-टू-ओ-फाइव्हचा, म्हणजे त्याच्या ऑक्साइडचा आहे, हे विचारल्यावर कळलं. पण फॉस्फरसचं पी-टू-ओ-फाइव्ह करायला ८ ला २.२९ ने गुणलं तरी १८ च येतात. पहिल्यांनी ओल्सन पद्धत वापरली, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचं द्रावण. दुसऱ्यांनी ब्रे पद्धत, म्हणजे आम्लयुक्त द्रावण. आम्लधर्मी मातीला ब्रे योग्य असं वाचलंय. मग खताचा डोस ब्रेच्या आकड्यावरून ठरवायचा ना? आणि कमी-मध्यम-जास्तचा तक्ता ब्रेसाठी वेगळा लागत असेल, तो कुणाकडे आहे का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. आमच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. मुळांतून पाझरणारी सायट्रिक, ऑक्झॅलिक, मॅलिक ही आम्लं तो थोडा मोकळा करतात. एका पट्टीत ताग गाडलाय, शेजारची तशीच ठेवलीय. दोन्हींत ही आम्लं किती आहेत ते मोजून बघायचंय. सेंद्रिय कर्बाच्या चाचणीतून ते कळत नाही, त्याला एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र लागतं, आणि नेहमीच्या माती परीक्षणात ते नसतं.

अडचण नमुन्याची. मातीतले जिवाणू ही आम्लं काही तासांत खाऊन टाकतात म्हणे. मग नेहमीसारखी सावलीत वाळवलेली माती चालणारच नाही. मुळाला चिकटलेली ओली माती बर्फाच्या डब्यातून न्यायची का? की शेतावरच पाण्यात ढवळून, गाळून, तो अर्क थंड ठेवून द्यायचा? धारवाड किंवा कोल्हापूर, दोन्हीकडे स्वतः घेऊन जायची तयारी आहे. शेतकऱ्याचा नमुना घेणारी आणि हे मोजून देणारी प्रयोगशाळा माहीत असेल तर कृपया सांगा. अंदाजे खर्चही कळवा.

आम्लता कमी करायला चुना टाकायचा झाला तर रोहिणीच्या पेरणीआधी टाकायला हवा, म्हणून स्फुरदाचं उत्तर आधी मिळालं तर फार बरं होईल.