चवथीला सगळी बिल्डिंग रिकामी, आठ-नऊ दिवस फ्लॅट बंद ठेवताना काय काळजी घ्यावी?

पर्वरीची सून
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात पर्वरीला दुसऱ्या मजल्यावर राहतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, नवऱ्याच्या मूळ घरी सत्तरीत जातो, गणपती सात दिवसांचा, म्हणजे आठ-नऊ दिवस फ्लॅट बंदच. सगळे सांगतात शेजाऱ्यांना सांगून जा, पण आमचे शेजारी असतात कुठे, बारापैकी नऊ-दहा घरं त्याच दिवशी आपापल्या गावी गेलेली. गेल्या वर्षी मागच्या बिल्डिंगमध्ये ऐन चवथीत एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट फोडले. तेव्हापासून गावी आरतीला उभी असले तरी जीव इकडे. नवरा म्हणतो मोठं कुलूप घातलं की झालं, मला नाही पटत. कॅमेरा लावावा का? आणि दागिन्यांचं काय करू, अंगावर घालायचे ते नेईन पण बाकीचे?

फोंडेकार
ताई, कुलपाचं मी सांगतो कारण आमच्याकडे झालंय. चांगलं जाड पितळी कुलूप होतं, परत आलो तर कुलूप जसंच्या तसं, बंद, आणि कोयंडा चारही स्क्रूसकट उपटून खाली लोंबतोय. पावसानं चौकटीचं लाकूड फुगून इतकं मऊ झालेलं की स्क्रूच्या भोकात माझं बोट जात होतं. आईच्या पाटल्या गेल्या, आजपर्यंत मिळाल्या नाहीत. म्हणून आधी सुताराला बोलवा, कोयंड्याला स्क्रू नको, आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून घ्या. आणि जमलं तर बाहेरून लटकतं कुलूप नकोच, दारातच बसणारं लॅच लॉक घ्या, जिन्यातून जाणाऱ्याला घरात माणूस आहे की नाही ते कळत नाही. लटकतं कुलूप म्हणजे आम्ही नाही अशी पाटीच. मागच्या बाल्कनीचं दार विसरू नका, लोक पुढच्या दाराला तीन कुलपं घालतात आणि मागे एक साधी कडी.

वायरवाला म्हापसा
कॅमेरा लावा पण एक गोष्ट लक्षात घ्या, चवथीत पाऊस असतोच, लाइट गेली की वायफाय बंद आणि वायफाय बंद की तुमच्या मोबाइलवर काहीच दिसत नाही. मी वायरिंगची कामं करतो, दरवर्षी हेच बघतो, हजारो रुपयांचा कॅमेरा आणि राउटरला बॅकअप नाही. राउटरला छोटा यूपीएस जोडा, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घाला. डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणारा डबा, असेल तर टीव्हीखाली उघड्यावर नको, तोच उचलून नेतात. मेन स्विच सरसकट पाडू नका नाहीतर कॅमेरा आणि फ्रिज दोन्ही बंद, गिझर, एसी, किचनचे एमसीबी, म्हणजे बोर्डावरचे वेगवेगळे छोटे स्विच, तेवढे खाली करा. गॅसचा रेग्युलेटर बंद. आणि बाल्कनीची लाइट दिवसरात्र जळत ठेवू नका, भर दुपारी पेटलेला बल्ब बघून कोणालाही कळतं, टायमरचा प्लग मिळतो, संध्याकाळी लागून रात्री विझेल असा लावा.

डिचोलीची मावशी
दागिन्यांचं मी सांगते, बँकेत नोकरी केली आहे. घरातल्या कपाटात काही ठेवू नकोस, तांदळाच्या डब्यातही नको, चोर आधी तिथेच बघतात. लॉकरमध्ये ठेव, पण आठवडाभर आधी जा, चवथीच्या तोंडावर गर्दी असते. प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ आणि बिलं वेगळी ठेव. लॉकरमध्ये काय आहे हे बँकेला माहीत नसतं, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२२ पासून बँकेत चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याने फसवणूक केली तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, म्हणजे भाडं २ हजार असेल तर २ लाख. आणि घराचा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस हो. २०२१ पासून ती भारत गृह रक्षा पॉलिसी आहे ना, त्यात आग, वादळ, पूर धरतात, पण चोरी धरतात ती अशा घटनेमुळे आणि त्यानंतर ७ दिवसांत झाली तरच. नुसती घरफोडी हवी तर ते कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं.

दीड दिवसवाला
आमच्या बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांचा प्रश्न असा सोडवलाय. ज्यांचा गणपती दीड दिवसाचा ते लगेच परत येतात, मग तेच रोज संध्याकाळी सगळ्या मजल्यांवर फिरून दारं बघतात. त्याआधीचे दिवस वरच्या मजल्यावरचं क्रिस्तांव कुटुंब बघतं, आणि नाताळात ते आपल्या घरी सासष्टीला गेले की आम्ही त्यांचं बघतो, इतकी वर्षं चाललंय. पोलीस स्टेशनवर बंद फ्लॅटांची यादी आणि एक मोबाइल नंबर देऊन येतो. काही दिसलं तर कोणी आत शिरायचं नाही, थेट ११२ लावायचा. आणि पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, सांगायला विसरू नका! दाराच्या कडीला पावाची पिशवी लटकवून जातो तो, दोन दिवसांचे पाव तसेच राहिले की जिना चढणाऱ्याला कळतं. गणपतीच्या वर फळं-पानं बांधतो त्या माटोळीचे फोटोही परत आल्यावरच ऑनलाइन टाका.

पर्वरीची सून
सगळ्यांना देव बरें करूं. पोदेराचं डोक्यातच आलं नव्हतं, गेल्या वर्षी आलो तेव्हा कडीला पाच पाव बुरशी आलेले लटकत होते. तळमजल्यावर एक क्रिस्तांव आजी असतात, त्या कुठे जात नाहीत, आज संध्याकाळी जाऊन बोलते, नेवऱ्या तर दरवर्षी देतेच त्यांना. फोंडेकारबाब, तुमचं वाचून नवऱ्याने स्वतः जाऊन कोयंडा हलवून बघितला, हलतोय. सुताराला फोन केलाय.