सरकी पेंड बीटीची, मग दूध पोरांना द्यायचं का?

तासगावची सून: म्हशीला रोज सरकी पेंड भिजवून घालते, आता जाऊबाई म्हणतात सगळी सरकी बीटीची, ते विष दुधातनं पोरांच्या पोटात जातंय. धाकटी २ वर्षांची आहे ओ, जीव नुसता खालवर होतोय.

कराडकर: ताई, बीटी म्हणजे जनुक बदलून अळी मारणारं प्रोटीन झाडातच तयार होईल असं केलेलं बियाणं. बीटी कापूस आपल्याकडं २००२ पासनं आहे, आता बहुतेक सरकी तीच. त्यातलं प्रोटीन अळीच्या आतड्यात काम करतं, आपल्या पोटात पचून जातं. खरी भीती बुरशीची, पेंडीला कुबट वास आला की टाकूनच द्या, बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं आणि उकळून पण जात नाही.

मिरज: आणि वांगी पण बीटीची असतात का?

कराडकर: बीटी वांग्याला २०१० पासनं स्थगिती आहे आपल्याकडं. फवारणीचं बघा, नीट धुवून घ्या.

तासगावची सून: पोतं उघडलं, तळाला ओल लागलीय दादा. आजपासनं बंद.